स्ट्रोक म्हणजे नेमका कुठला झटका?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. दुपारी एकच्या सुमारास ओपीडी आवरून मी उठत होतो, तेवढ्यात एक मुलगा वडिलांना रिक्षातून घेऊन आला. वडील बासष्ट वर्षांचे. उजवा हात लटकलेला, तोंड डावीकडे ओढलेलं. काहीतरी सांगायची धडपड चालली होती, पण शब्द फुटत नव्हता.

"कधीपासून आहे हे?"

"सकाळी सव्वासातला चहा पिताना हातातून कप पडला, सर."

"सव्वासात? मग आत्तापर्यंत कुठे होतात?"

मुलाने सांगितलं ते असं. शेजारचे काका धावत आले आणि बघताक्षणी म्हणाले, "हा स्ट्रोक आहे, ताबडतोब दवाखान्यात न्या." मुलाने आईची जिभेखाली ठेवायची गोळी वडिलांना दिली आणि जवळच्या एका दवाखान्यात नेऊन म्हणाला, "बाबांना हार्टचा स्ट्रोक आलाय." तिथे ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. "हार्टला काही नाही, उन्हाने झालं असेल," असं सांगून घरी पाठवलं. घरी तळपायाला कांदा चोळला, पंख्याखाली झोपवलं. बाराला उठवलं, तर हात अगदीच लुळा पडलेला.

शेजारच्या काकांनी उच्चारलेला शब्द अचूक होता. पण मुलाने ऐकला 'हार्ट स्ट्रोक', दवाखान्यात ठरला 'हीट स्ट्रोक', आणि प्रत्यक्षात होता 'ब्रेन स्ट्रोक'. एका शब्दाच्या तीन अर्थांमध्ये पावणेसहा तास गेले.

त्या दिवसापासून या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. हा शब्द आला कुठून, आजाराला कसा चिकटला आणि त्याने आपला इतका गोंधळ का उडवला, याचा इतिहास मोठा रंजक आहे. आणि तो माहीत असेल तर वेळेवर उपयोगी पडतो. म्हणून आज औषधांऐवजी एका शब्दाबद्दल.

एका शब्दाची किती कामं!

स्ट्रोक हा शब्द आपण मराठी माणसं रोज वापरतो. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना फलंदाजाचा 'स्ट्रोक' असतो, म्हणजे फटका. पोहायला शिकताना 'ब्रेस्ट स्ट्रोक' आणि 'बॅक स्ट्रोक' असतो, म्हणजे हातापायांची एक लय. निळा धूर सोडत जाणारी जुनी रिक्षा 'टू-स्ट्रोक', तर आपली मोटारसायकल 'फोर-स्ट्रोक'. तिथे स्ट्रोक म्हणजे इंजिनातल्या दट्ट्याची वर किंवा खाली झालेली एक फेरी. चित्रकाराचा ब्रशचा स्ट्रोक म्हणजे कुंचल्याचा फटकारा. टायपिंगच्या क्लासमध्ये बटण एकदा दाबलं की एक स्ट्रोक. घड्याळाचा ठोका हाही स्ट्रोकच. वीज पडते तोही स्ट्रोक. आणि राजकारणातल्या एखाद्या खेळीला बातम्यांमध्ये 'मास्टरस्ट्रोक' म्हटल्याशिवाय तर आपला दिवस जात नाही.

गंमत म्हणजे इंग्रजीत मांजरीच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवणं, कुरवाळणं, यालाही स्ट्रोकच म्हणतात.

आम्हा डॉक्टरांचा तर आणखी एक वेगळाच स्ट्रोक आहे. हृदय एकदा आकुंचन पावलं की जेवढं रक्त पुढे ढकलतं, त्याला आम्ही 'स्ट्रोक व्हॉल्यूम' म्हणतो. निरोगी मोठ्या माणसात, विश्रांतीच्या वेळी, ते साधारण ७० मिलिलिटर असतं. म्हणजे हृदयाचा स्ट्रोक हा आजार नाहीच. तो दर मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा यायलाच हवा!

मग फटका आणि कुरवाळणं या दोन टोकांना एकच शब्द कसा? भाषेच्या अभ्यासकांनी याचं मूळ जुन्या इंग्रजीपर्यंत नेलं आहे. तिथे एका क्रियापदाचा अर्थ होता हलकेच हात फिरवणं. 'स्ट्राइक' म्हणजे मारणं, हा शब्दही त्याच घराण्यातला, आणि त्याचाही जुना अर्थ एखाद्या गोष्टीवरून हलके सरकत जाणं असाच होता. पुढे त्यातला जोर वाढत गेला आणि सरकणाऱ्या हाताचा मारणारा हात झाला. समान धागा एवढाच, की एकदाच घडलेली, सुरू होऊन संपलेली एक हालचाल. तिच्यात मायाही असू शकते आणि मारही.

अदृश्य हाताचा फटका

आजाराच्या बाबतीत मात्र हा शब्द माराच्या अर्थानेच आला.

कल्पना करा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा काळ आहे. धडधाकट माणूस अंगणात उभा राहून बोलतोय. पुढच्या क्षणी तो कोसळतो. जखम नाही, ताप नाही, साप चावलेला नाही. बघणाऱ्याला काय वाटणार? कुणीतरी अदृश्य हाताने तडाखा दिला, असंच वाटणार. ग्रीक वैद्यांनी या आजाराला 'अ‍ॅपोप्लेक्सी' म्हटलं. त्या शब्दाच्या पोटात 'तडाखा देऊन पाडणं' हाच अर्थ आहे. लॅटिनमध्ये 'इक्टस' म्हणजे प्रहार, आणि आजही इटालियन आणि स्पॅनिश डॉक्टर या आजाराला इक्टसच म्हणतात. जर्मन लोक म्हणतात 'श्लागआनफाल', त्यातला 'श्लाग' म्हणजे पुन्हा फटकाच. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीला 'देवाच्या हाताचा स्ट्रोक' अशा अर्थाने हा शब्द या आजाराला लागलेला दिसतो. पुढे देव आणि त्याचा हात दोन्ही गळून पडले आणि नुसता स्ट्रोक उरला.

आपल्याकडे तरी काय वेगळं घडलं? 'पक्षाघात' हा शब्द फोडून बघा. पक्ष म्हणजे बाजू आणि आघात म्हणजे फटका. शरीराच्या एका बाजूला बसलेला फटका. चरकसंहितेत हे आजार वातव्याधींमध्ये येतात. एक बाजू निकामी होणं आणि तोंड वाकडं होणं (त्याला 'अर्दित' म्हणतात) यांची वर्णनं तिथे आहेत. वाताचा विकार म्हणून 'अर्धांगवायू'. आणि आपल्या गावाकडच्या बोलीत तर "अंगावरून वारं गेलं". लकवा हा शब्द अरबीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ तोंड वाकडं होणं असाच होता.

बघा, ग्रीस काय, जर्मनी काय आणि आपला महाराष्ट्र काय, सगळीकडे कल्पना तीच. कुणीतरी मारलं किंवा काहीतरी अंगावरून गेलं. बाहेरून आलं, आपल्या हातात काही नव्हतं.

माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला सगळ्यात मोठा तोटा इथे झाला. फटका बसून गेला म्हटल्यावर धावपळ कशासाठी करायची? हिप्पोक्रेट्सच्या नावावरच्या वचनांमध्ये म्हटलं आहे की जोरदार अ‍ॅपोप्लेक्सी बरी होणं अशक्य आणि सौम्य असली तरी ती बरी करणं सोपं नाही. त्या काळापुरतं ते प्रामाणिक निरीक्षण होतं. पण ती हताशा पुढे दोन हजार वर्षं टिकली. आजही माझ्याकडे येणाऱ्या काही रुग्णांच्या लुळ्या हातापायांवर कबुतराचं रक्त चोळलेलं असतं. "अमक्या गावात लकव्याचं औषध देतात, तिकडे आधी जाऊन आलो" हे वाक्य तर मी अजूनही ऐकतो. नातेवाईक अडाणी असतात किंवा त्यांना माया नसते असं मुळीच नाही. 'वारं गेलं' म्हटल्यावर मनात घड्याळ सुरूच होत नाही, एवढंच.

वेप्फरने आत डोकावून पाहिलं

बाहेरचा फटका नाही, आतलं काहीतरी बिघडलं आहे, हे पुराव्यानिशी दाखवलं योहान याकोब वेप्फर या डॉक्टरने. स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउसेन गावचा हा माणूस. अ‍ॅपोप्लेक्सीने दगावलेल्या लोकांचं शवविच्छेदन करून त्याने आपली निरीक्षणं १६५८ साली पुस्तकरूपात छापली. काहींच्या मेंदूत त्याला रक्तस्राव सापडला. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि त्या तुंबल्या, मेंदूला रक्त पोचलं नाही, तरीही हा आजार होऊ शकतो असा विचार मांडला.

हे त्याला सुचू शकलं, कारण रक्त शरीरात गोल फिरतं हे विल्यम हार्वे यांनी तीसच वर्षं आधी, १६२८ मध्ये सिद्ध केलं होतं. पाणी वाहतं हेच माहीत नसेल तर पाइप तुंबला हे कसं कळणार?

आजही स्ट्रोकचे मुख्य प्रकार दोनच आहेत. एकात वाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. पाचपैकी साधारण चार रुग्णांमध्ये गुठळी असते.

आणखी एक कोडं होतं. डोक्याला उजवीकडे मार लागला तर डावी बाजू लुळी पडते, हे ग्रीक वैद्यांच्या लक्षात आलं होतं. कॅपाडोशियाच्या अरेटियस या वैद्याने अंदाज केला होता की मेंदूकडून निघणाऱ्या नसा वाटेत फुलीसारख्या एकमेकींना ओलांडतात. त्याचा प्रत्यक्ष पुरावा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाला. मग १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी दाखवलं की बोलण्याचं केंद्र मेंदूच्या पुढच्या भागात असतं. ते बहुतेकांमध्ये डाव्या बाजूला असतं, हेही त्यांनी पुढच्या काही वर्षांत मांडलं. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदम जाऊ शकतात. माझ्या त्या रुग्णाचं नेमकं हेच झालं होतं. सकाळी सव्वासातलाच त्यांच्या शरीराने स्वच्छ सांगितलं होतं की बिघाड हृदयात नाही, डाव्या मेंदूत आहे. ती भाषा वाचणारं कुणी तिथे नव्हतं.

कोशकाराचे शब्द गेले तेव्हा

या शब्दाच्या इतिहासात एक प्रसंग मला विलक्षण वाटतो. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्यात स्ट्रोक शब्दाचे बरेच अर्थ दिले आहेत. फटका आहे, घड्याळाचा ठोका आहे, कुंचल्याचा स्पर्श आहे, आणि अचानक येणारा आजार हाही अर्थ आहे. अठ्ठावीस वर्षांनी, १७ जून १७८३ च्या पहाटे, तोच अर्थ त्यांच्या वाट्याला आला.

तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. आदल्या दिवशी चित्रकारासमोर बसून आले होते, बरंच चालले होते. रात्री जाग आली ती डोक्यात काहीतरी गोंधळ होऊन. अर्धा मिनिटभर तो टिकला. ते घाबरले आणि देवाची प्रार्थना केली, की शरीराचं काहीही कर पण बुद्धी शाबूत ठेव. बुद्धी ठीक आहे का हे तपासायला त्यांनी ती प्रार्थना मनातल्या मनात लॅटिन पद्यात रचली. ओळी फारशा चांगल्या जमल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, याचा अर्थ डोकं ठिकाणावर आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला! मग लक्षात आलं की वाचा गेली आहे. बोलता यावं म्हणून वाइन घेऊन पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग ते परत अंथरुणावर पडले आणि झोपलेसुद्धा.

सकाळी नोकर आला तर त्याला तोंडाने काही सांगता येईना. चिठ्ठी लिहून हातात दिली. मालक बोलायचं सोडून कागद का देतायत हे त्या बिचाऱ्याला समजेना. हात मधूनच भलतं अक्षर काढत होता, तरी त्यांनी शेजाऱ्याला पत्र लिहून कळवलं की माझी वाचा गेली आहे. डॉक्टर बोलावले गेले. त्यांपैकी एक होते विल्यम हेबर्डन, म्हणजे हृदयाच्या रक्तपुरवठ्यामुळे छातीत येणाऱ्या कळेला 'अंजायना' हे नाव देणारे तेच डॉक्टर. म्हणजे हृदयाचं दुखणं आणि मेंदूचा फटका या दोन्ही गोष्टी ओळखणारा माणूस खाटेशी उभा होता. पण हातात उपचार काय? पाठीवर आणि कानापासून गळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना फोड आणणारे लेप! त्या काळी तेच शास्त्र होतं.

जॉन्सन यांचं नशीब बरं. थोड्याच दिवसांत वाचा बरीचशी परत आली. पुढच्या वर्षी, डिसेंबर १७८४ मध्ये, ते वारले.

हा प्रसंग मी मुद्दाम इतका सविस्तर सांगितला. शब्दांवर हुकूमत असलेला माणूस, बुद्धी शाबूत, भीती खरी, आणि तरीही तो काय करतो? परत झोपतो. कारण दुखत नाही. स्ट्रोकचा हाच मोठा धोका आहे. हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ आली की माणूस घरच्यांना उठवतो. स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा दुखतच नाही. हात बधिर झाला की "अंगाखाली आला असेल" म्हणून माणूस कूस बदलतो. १७८३ मध्ये झोपल्याने जॉन्सन यांचं फार काही बिघडलं नाही, कारण जागं राहूनही मिळण्यासारखं काही नव्हतं. आज त्या झोपेची किंमत फार मोठी आहे.

'अपघात' म्हणायचं का?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ विर्खो या जर्मन डॉक्टरने रक्तवाहिनीत गुठळी कशी होते आणि एका ठिकाणची गुठळी वाहत जाऊन दुसरीकडे कशी अडकते, हे समजावलं. 'थ्रॉम्बोसिस' आणि 'एम्बोलिझम' ही नावंही त्यांचीच. आता फटका मारणारा अदृश्य हात उरला नाही.

पण विसाव्या शतकात आम्ही डॉक्टरांनी पुन्हा एक घोळ घातला. 'सेरेब्रोव्हॅस्क्युलर अ‍ॅक्सिडेंट', म्हणजे सी.व्ही.ए., असं नाव प्रचारात आलं. मी शिकत असताना केसपेपरवर हेच लिहायचो. एकदा एका रुग्णाच्या पत्नीने ते वाचून मला विचारलं होतं, "डॉक्टर, अ‍ॅक्सिडेंट कुठे झाला? हे तर घरातच होते." बाईंचा प्रश्न रास्त होता. अपघात म्हणजे अनपेक्षित, दैवाधीन. स्ट्रोक येतो अचानक, पण तयारी अनेक वर्षं चाललेली असते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके, ही त्याची तयारी.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं उदाहरण घ्या. मार्च १९४४ मध्ये त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला होता. १२ एप्रिल १९४५ रोजी, तेही चित्रकारासमोर बसलेले असताना, "डोकं फार दुखतंय" म्हणाले आणि कोसळले. त्या वेळी वरचा रक्तदाब ३०० च्या पुढे होता. मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याच दिवशी ते गेले. जगातल्या सर्वात सामर्थ्यवान माणसाला तेव्हा रक्तदाबावर चांगली गोळी मिळू शकत नव्हती, कारण ती अस्तित्वातच नव्हती. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि "त्रास काही नव्हता म्हणून बंद केली" असं सांगणारे रुग्ण मला आठवड्यातून दोन-तीन तरी भेटतात.

ठोक्याला ठोका

खरा बदल आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका रुग्णाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या या यंत्रामुळे कवटी न उघडता आत गुठळी आहे की रक्तस्राव हे ठरवता येऊ लागलं. हे ठरणं अत्यावश्यक, कारण दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की पहिल्या तीन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर अपंगत्व टाळता येतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ एक अभ्यास आले, आणि मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीच्या धमनीतून नळी घालून काढून टाकण्याचा उपचार मान्य झाला. तो सहसा सहा तासांच्या आत करतात आणि काही निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही करता येतो. पण मुदत आहे म्हणून थांबायचं नसतं. २००६ साली मांडलेल्या एका हिशोबानुसार मोठी वाहिनी बंद पडली की मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात.

म्हणजे आज या शब्दाचा सर्वात महत्त्वाचा अर्थ फटका नसून घड्याळाचा ठोका हा आहे.

आपल्याकडचा 'झटका'

मराठीत गोंधळ वाढवायला आणखी एक शब्द आहे, झटका. हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका, फिट येते तेव्हाचे झटके आणि विजेचा झटका. त्यात इंग्रजी स्ट्रोक मिसळला की कोणाला काय झालंय कळेनासं होतं. यात फक्त सामान्य माणसाची चूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही स्ट्रोक हा रक्ताभिसरणाच्या विकारांत मोडत असे. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत तो मज्जासंस्थेच्या, म्हणजे मेंदूच्या विकारांत गेला. तेव्हा फरक एकदा नीट लक्षात ठेवू या.

हार्ट अटॅक हृदयाचा. छातीत दाब किंवा कळ, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं, घाम, धाप. ईसीजी यासाठी.

स्ट्रोक मेंदूचा. तोंड वाकडं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा, बोलणं अडखळणं, एकदम दिसेनासं होणं किंवा तोल जाणं. यासाठी सीटी स्कॅन लागतो. ईसीजी नॉर्मल आला म्हणून स्ट्रोक नाही असं होत नाही.

हीट स्ट्रोक म्हणजे उष्माघात, उन्हाचा. अंग भाजल्यासारखं गरम, ताप ४० अंश सेल्सियसच्या वर, बरळणं, शुद्ध हरपणं. ताबडतोब सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. उन्हाने एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडणं सहसा होत नाही. तसं दिसलं तर महिना मे असला तरी आधी मेंदूचाच विचार करा.

'हार्ट स्ट्रोक' नावाचा आजारच नाही. हा शब्द कृपा करून वापरू नका.

शंका आली तर तीन गोष्टी करायला सांगा. हसून दाखवा, दोन्ही हात वर धरा, एक सोपं वाक्य बोला. यातलं एकही नीट जमलं नाही तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. वाटेत छोट्या दवाखान्यात थांबू नका. जिभेखालची गोळी देऊ नका, रक्तदाब एकदम उतरून मेंदूचं नुकसान वाढू शकतं. अ‍ॅस्पिरिनही घरी देऊ नका, कारण आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. पाणी, चहा, कांद्याचा रस, काहीही पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. मधुमेही असेल आणि घरात यंत्र असेल तर साखर तपासा, कारण साखर फार उतरली तरी असंच दिसू शकतं. पण त्यासाठी निघायला उशीर नको.

आणि लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी "वारं आलं आणि गेलं" म्हणून निवांत बसू नका. ती पुढच्या मोठ्या स्ट्रोकची सूचना असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

ते काका आजही माझ्याकडे रक्तदाब तपासायला येतात. त्यांच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळीचाच स्ट्रोक होता. इंजेक्शनची वेळ उलटून गेली होती आणि गुठळी काढण्याची सोय आमच्या शहरात तेव्हा नव्हती. फिजिओथेरपीने ते काठी घेऊन चालायला लागले. बोलणं मात्र चार-पाच शब्दांपुढे गेलं नाही. पूर्वी ते शाळेत मराठी शिकवायचे. मुलगा दर वेळी सोबत असतो. त्याने स्वतःला अजून माफ केलेलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मी त्याला दर वेळी तेच सांगतो, की तू धावलास, चूक तुझी नव्हती, तुला दिलेला शब्दच अपुरा होता.

म्हणून आता कुणाचाही फोन आला, "डॉक्टर, स्ट्रोक आलाय," की मी दोनच प्रश्न विचारतो. कुठे? आणि किती वाजता?

या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्ही फोनवरच देऊ शकलात, तर अर्धं काम झालं असं समजा. "मेंदूचा स्ट्रोक वाटतोय, सव्वासातला सुरू झालाय." बस, एवढं वाक्य घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा, लहान मुलांनासुद्धा.

काळजी घ्या, आणि रक्तदाबाची गोळी आज घेतली का ते एकदा बघा.